सागवानाच्या मुलखात सरळ फळी

चंद्रपूरचे नाव काढले की पुण्या-मुंबईच्या मंडळींना दोनच गोष्टी आठवतात. एक ताडोबाचे वाघ आणि दुसरे वैशाखातले ऊन. गडचिरोलीचे नाव काढले तर तेवढेही आठवत नाही. चेहऱ्यावर काळजीची एक छटा मात्र उमटते. पण ज्या जुन्या आरामखुर्चीत रेलून ही मंडळी काळजी करीत असतात, ती खुर्ची कदाचित याच मुलखातून गेलेली असते, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. लाकडाच्या बाजारात ‘सी. पी. टीक’ हा शब्द अजून चालतो. मध्यप्रांत जाऊन किती वर्षे झाली! प्रांत गेला, त्याचे कागद गेले, पण त्याचे सागवान व्यापाऱ्यांच्या जिभेवर राहिले. १९४२ साली जपानने रंगून घेतले आणि ब्रह्मदेशातून मुंबईच्या बंदरात उतरणारे सागवान तुटले. जुन्या चांदा जिल्ह्याचे जंगल देशी सागवानासाठी आधीच नावाजलेले होते. त्या जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला, आणि आज आपण जोडनावाने ज्याला चंद्रपूर-गडचिरोली म्हणतो तो हाच मुलूख.

या मुलखाची आठवण निघण्याचे कारण मात्र वाघ नाही की ऊन नाही. कारण आहे एक यंत्र. हल्ली शहरांतल्या सुशिक्षित कुटुंबांत घरच्या घरी सुतारकाम करण्याचा छंद चांगलाच रुजला आहे. बँकेतले अधिकारी, डॉक्टर, आमच्यासारखे मास्तर रविवारी गच्चीवर करवत घेऊन उभे राहतात. मौजेची गोष्ट आहे, आणि चांगलीही आहे. या छंदात चार पावले पुढे गेलेल्या प्रत्येकासमोर एक दिवस हा प्रश्न येऊन उभा राहतो: आता ‘जॉइंटर’ घ्यावा की नाही? नवरा म्हणतो, त्यावाचून काम पुढे सरकत नाही. बायको म्हणते, मग वॉशिंग मशीन कुठे ठेवू? दोघांचेही म्हणणे खोटे नसते.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. लाकूडतोडीच्या गिरणीतून, म्हणजे आपल्याकडच्या आरा मशीनवरून, जी फळी निघते ती दिसायला सरळ असली तरी सरळ नसते. कुठे तिला बाक असतो, कुठे ती पन्हळीसारखी खोलगट असते आणि कुठे तिला पीळ पडलेला असतो. पीळ म्हणजे चार कोपऱ्यांपैकी तीन जमिनीला टेकतात आणि चौथा अधांतरी राहतो. अशा दोन फळ्या शेजारी शेजारी चिकटवून टेबलाचा पाट करायला जावे, तर मधून दिवसाचा उजेड दिसतो. जॉइंटरमध्ये लोखंडाची दोन सपाट मेजे एकापुढे एक असतात. त्यांच्यामधल्या फटीत पाती बसवलेला रूळ गरगर फिरत असतो. पुढचे मेज पात्यांच्या धारेशी नेमके समपातळीत आणि अलीकडचे तेवढेच खाली, जेवढी जाडी तासायची असेल. फळी अलीकडून पलीकडे सरकवली की उंचवटे आधी तासले जातात, आणि चारपाच फेऱ्यांत एक तोंड सपाट होते. मग ते सपाट तोंड उभ्या टेकूला लावून कड तासली की कडही तोंडाशी काटकोनात येते. सांधा जुळावा म्हणून कडा सरळ करणारे यंत्र, म्हणून त्याचे नाव जॉइंटर. आपल्याकडचे कारागीर त्याला सरळ ‘रंधा मशीन’ म्हणतात.

पुष्कळांना वाटते की जाडी सारखी करणारे दुसरे यंत्र घेतले की भागेल. ते तसे भागत नाही. त्या यंत्रातले रूळ फळीला दाबून धरतात. पीळ असलेली फळी दाबाखाली निमूटपणे सरळ होते, वरून तासली जाते आणि पलीकडे बाहेर पडली की पुन्हा आपल्या मूळच्या वळणावर जाते. वर्गात मास्तरांच्या डोळ्यांखाली शांत बसणारी मुले आम्ही रोज पाहतो, तेव्हा हे आम्हांला लवकर समजते. जाडी सारखी मिळते, सरळपणा मिळत नाही. आधी एक तोंड खरे सरळ करावे लागते, आणि उरलेले सगळे त्याच्या आधाराने मोजायचे असते.

माझ्यापुढे हा प्रश्न केवळ छंदाचा राहिला नव्हता. सासुरवाडीचे भद्रावतीचे जुने घर उतरवावे लागले, तेव्हा माडीच्या तक्तपोशीतल्या सहा सागवानी फळ्या सौभाग्यवतींनी हट्टाने मागून घेतल्या. पाच फूट लांब, आठ इंच रुंद आणि एक इंच जाड. तिच्या आजोबांनी घातलेली माडी होती ती. त्या फळ्यांचे वाचनाचे टेबल व्हावे, ही तिची इच्छा. फळ्यांवर काजळीचा आणि तेलाचा थर होता, पण एका कोपऱ्याला रंधा मारून पाहिला तर आतून मधासारखा रंग निघाला आणि सागवानाचा तो चामड्यासारखा वास साऱ्या घरात पसरला. मात्र प्रत्येक फळीला थोडा पीळ होता. काहींना एक सूत, दोघींना पुरते दोन सूत. आठ सुतांचा इंच. त्यातून चुकीच्या हाताने तीन सूत गेले तर उरते काय? फळ्या बिघडल्या तर बाजारातून दुसऱ्या आणता येतील, पण त्या माडीच्या येणार नाहीत.

पहिला सोपा मार्ग म्हणून मी बल्लारपूर गाठले. चंद्रपूरहून पंधरा-सोळा किलोमीटर. एका बाजूला १९४५ साली सुरू झालेल्या कागद गिरणीचे गाव आणि दुसऱ्या बाजूला लाकडाचे गाव, अशी या गावाची दोन रूपे आहेत. इथली इमारती लाकडाची आगारे ज्याने पाहिली नसतील त्याने एकदा जरूर पाहावीत. आलापल्लीकडून आलेले ओंडके लांबी आणि घेरानुसार वेगवेगळे रचलेले असतात. प्रत्येकाच्या तोंडावर आकडे आणि वनखात्याच्या हातोड्याचा ठसा. रांगांमधून चालताना एखाद्या मोठ्या ग्रंथालयातून चालल्यासारखे वाटते. फक्त इथली पुस्तके आडवी ठेवलेली असतात आणि त्यांची पाने गोल असतात. लिलावाच्या दिवशी दूरदूरचे व्यापारी येऊन ओंडक्यांच्या तोंडांकडे टक लावून उभे राहतात. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान गेले ते इथूनच. गावातून त्याची मिरवणूक निघाली होती.

ज्या गिरणीत मी फळ्या नेल्या तिचे मालक कच्छी पटेल, पण तीन पिढ्या इथे काढल्यामुळे बोलणे चांगले वऱ्हाडी-नागपुरी वळणाचे. त्यांच्याकडे आठ फुटांचे भरभक्कम रंधा मशीन होते. त्यांनी फळी हातात घेतली, बोटाने ठोकून पाहिली आणि हसून परत दिली.

“सर, माल फस्क्लास आहे. पण जुना माल मी मशीनवर घेत नाही. आत एक खिळा निघाला की माझी तिन्ही पाती गेली. नवा माल आणा, चहा संपायच्या आत करून देतो.”

त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. सागवानाच्या अंगातच वाळूचा, म्हणजे सिलिकाचा अंश असतो. त्यामुळे त्यावर पाती तशीही लवकर बोथट होतात. त्यात खिळा म्हणजे कहरच. पण त्यांच्या बोलण्यातली दुसरी गोष्ट घरच्या सुताराने लक्षात ठेवण्याजोगी आहे. नवे लाकूड असेल, तर गावातली गिरणी थोड्या पैशांत तेच काम करून देते. जे यंत्र वर्षातून चार वेळा लागणार ते घरी कशाला बाळगायचे? आपण पिठाची गिरणी घरी बाळगीत नव्हतो, तरी पिढ्यान् पिढ्या भाकरी खात आलोच की!

पुण्याच्या एका स्नेह्यांना मी ही हकिकत कळवली. त्यांचा जॉइंटरवर लोभ. त्यांनी लगेच कळवले की, मग स्वतःचे यंत्र घेण्याला याहून चांगले निमित्त कोणते? त्यांची बाजू मांडायला हवी. यंत्राने दहा मिनिटांत होते त्याला हाताने अर्धा दिवस लागतो. डझनभर खुर्च्या करायच्या असतील, किंवा गिरणीतून कच्चा चिरलेला माल गाडीभर आणायचा असेल, तर यंत्रासारखा सोबती नाही. खांदा दुखत असेल, वय झाले असेल, तर यंत्र ही चैन नसून सोय आहे. हे सगळे मान्य. पण लहान यंत्राची मेजे आखूड असतात, आणि मेजांच्या एकूण लांबीच्या दुपटीहून फार लांब फळी त्यावर नीट सरळ होत नाही, असा अनुभवी माणसांचा हिशेब आहे. मोठे यंत्र घ्यावे तर ते खोलीभर होते. फूटभर लांबीहून आखूड तुकडा त्यावर घालणे म्हणजे बोटांशी जुगार. आवाजाविषयी तर बोलायलाच नको. दुपारच्या वेळी चाळीत किंवा सदनिकांत ते सुरू केले तर शेजारधर्म एका फळीतच संपायचा.

असा घोळ चालू असताना गेल्या वर्षीच्या एप्रिलात परीक्षेच्या कामासाठी अहेरीला जाणे झाले. मोटारीत मागच्या बाजूला दोन सूत पिळाची एक फळी टाकून घेतली. चंद्रपूर, बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी आणि मग आष्टीला वैनगंगेचा विस्तीर्ण पूल. पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. एप्रिलातली वैनगंगा म्हणजे वाळूच्या अंथरुणावर दोनचार निळ्या दोऱ्या. पुढे सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक लाल धूळ उडवीत जातात आणि त्या धुळीच्या आड सागाचे जंगल सुरू होते. या दिवसांत साग निष्पर्ण असतो. खाली पानांचा खच, त्यावरून वाऱ्याची सळसळ, आणि वर सरळच सरळ उभी राखी खोडे. मोहाच्या झाडांखाली पहाटेपासून टोपल्या घेऊन बायामुले वेचायला बसलेली. इतकी सरळ झाडे पाहिल्यावर त्यांच्या पोटातून वाकड्या फळ्या निघतात यावर विश्वास बसत नाही.

आलापल्ली हे या सागवानाचे जुने ठाणे. एके काळी इथल्या जंगलात ओंडके ओढायचे काम हत्ती करीत. त्या परंपरेतला कमलापूरचा हत्तीकॅम्प पाहायला आता प्रवासी जातात. गावात माझ्या एका विद्यार्थ्याने मला एका वृद्ध कारागिराकडे नेले. इकडे सुताराला वाढई म्हणतात. अंगणात मोहाच्या सावलीत त्यांचे काम चाललेले. ठोकळ्यावर बैलगाडीचे जू, भिंतीला टेकवलेली करवत, पटाश्या, वाकस, गुण्या, आणि हातभराहून लांब असा एक काळाभोर रंधा. वयाने सत्तरीच्या पुढचे असतील. मी त्यांना काकाजी म्हटले, त्यांनी मला सर म्हटले आणि फळी हातात घेतली.

“मशीन कायले पायजे जी?” माझा प्रश्न ऐकून ते म्हणाले. “आधी पाहा त खरी, वाकडी कुठं आहे ते.”

पुढचा तासभर मी जे शिकलो ते आमच्या महाविद्यालयातल्या कोणत्याही तासाहून मोलाचे होते. म्हणून ते क्रमाने सांगतो; घरी करून पाहणाऱ्यांच्या उपयोगी पडेल.

आधी त्यांनी दोरीला बांधलेले एक लोहचुंबक फळीवरून फिरवले. दोन ठिकाणी ते चिकटले. तिथे खडूने फुल्या केल्या आणि चिमट्याने तुटक्या खिळ्यांची टोके काढली. गिरणीवाल्यांची भीती दहा मिनिटांत बाहेर पडून हातावर आली.

मग दोन सारख्या सरळ पट्ट्या घेतल्या; एक फळीच्या अलीकडच्या टोकाला आडवी ठेवली, दुसरी पलीकडच्या टोकाला. खाली बसून एका पट्टीच्या कडेवरून दुसरीच्या कडेकडे पाहायचे. दोन्ही कडा एकमेकींना समांतर दिसल्या तर पीळ नाही. एक बाजू वर गेलेली दिसली तर तिथे पीळ. पट्ट्या फळीच्या रुंदीहून लांब असल्यामुळे लहानसा दोषही मोठा होऊन दिसतो. पट्टी स्वतः सरळ आहे की नाही याचीही परीक्षा सोपी आहे. तिच्या कडेने रेघ ओढायची, पट्टी उलटी करून त्याच दोन टोकांतून पुन्हा रेघ ओढायची. रेघा एक झाल्या तर पट्टी सरळ. मध्ये फट दिसली तर दोष त्या फटीच्या निम्मा. यासाठी वीज लागत नाही.

तिसरी गोष्ट हिशेबाची. दोन सूत पिळाची फळी तीन कोपऱ्यांवर टेकवून एकाच बाजूने तासत गेलो तर दोन्ही तोंडे मिळून दोन सूत जाऊन बसतात. पण उचललेल्या दोन कोपऱ्यांखाली पातळ पाचरी घालून तूट चारी कोपऱ्यांत वाटून घेतली, तर एका सुतात भागते. यंत्रावर हेच करता येते, पण करणारा हात जाणता हवा. घाईने फळी दाबून सरकवणाऱ्याला यंत्रही वाचवीत नाही. आणि फळीचे आखूड तुकडेच करायचे असतील, तर आधी तुकडे करावे आणि मग तासावे. पाच फुटांत दोन सूत असलेला पीळ अडीच फुटांच्या तुकड्यात एकच सूत उरतो.

चौथी गोष्ट मला सर्वांत आवडली. काकाजी म्हणाले, “जिथं दुसरं लाकूड येऊन बसते, तेवढंच सरळ करा. बाकीचं तसंच राहू द्या न जी. टेबलाच्या खाली कोण पाहते?” घरी आल्यावर मी आमची जुनी पेटी उलटी करून पाहिली, कपाट भिंतीपासून ओढून पाहिले. खरेच, पाठीमागे आणि खाली वाकसाचे घाव तसेच होते. जुन्या सुतारांनी हे आळसाने केलेले नसते. जिथे सरळपणाचे काम आहे तिथे तो दिला, बाकी लाकडाची जाडी राखली. यंत्राला असा विवेक नसतो. ते सगळी फळी सारखी तासते, कारण त्याला श्रम पडत नाहीत.

राहिल्या कडा. जॉइंटरचे नाव ज्यामुळे पडले ते काम. त्यांनी अंगणातल्या दोन फळ्या पुस्तकाची पाने मिटावीत तशा तोंडाला तोंड लावून शेगड्यात आवळल्या आणि दोन्ही कडांवरून तो लांब रंधा एकदमच फिरवला. मग सोडून शेजारी शेजारी ठेवल्या. सांध्यावर नख फिरवले तरी कळेना. यातली खुबी अशी की, रंधा जरी किंचित कलता धरला गेला तरी एका कडेचा कोन जेवढा कमी तेवढाच दुसरीचा जास्त होतो, आणि फळ्या उघडून शेजारी ठेवल्या की दोन्ही मिळून पाट सपाटच येतो. माणसाच्या हाताला नेमका काटकोन साधत नाही, हे गृहीत धरूनच ही रीत बसवलेली आहे.

रंधा लांब का, हेही तिथेच उमगले. आखूड रंधा खळग्यात उतरतो आणि खळगा तसाच ठेवून वरून गुळगुळीत करतो. लांब रंधा खळग्यांवरून पूल टाकल्यासारखा जातो आणि फक्त उंचवटे तासतो; प्रथम तुटक ढलप्या निघतात, आणि जेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसलग रेशमी फीत निघते तेव्हा समजावे की कड सरळ झाली. यंत्राच्या मेजांचे काम ते हेच. म्हणजे जॉइंटर पूर्वीपासून आपल्याकडे होताच. तो हाताने ढकलावा लागे एवढेच.

निघताना मी विचारले, “आता सगळ्या फळ्या अशाच करून लगेच सांधू ना?” काकाजींनी मान हलवली. “आता नाही जी. फळीले एक पाऊस पाहू द्या.”

या तीन-चार शब्दांत या मुलखाचे सगळे हवामान होते. चंद्रपूरला मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो आणि हवा भट्टीसारखी कोरडी होते. जुलैत त्याच हवेतून पाणी पिळून काढावे अशी स्थिती. लाकूड मेले तरी हवेतले पाणी पिण्याची त्याची सवय जात नाही. ओले सागवान पूर्ण वाळेपर्यंत झाडाच्या गाभ्यापासून सालीच्या दिशेने साधारण अडीच टक्के आटते, तर वर्तुळांच्या दिशेने पाच टक्क्यांच्या पुढे. हा दुजाभाव हेच फळी वाकण्याचे मूळ. इतर पुष्कळ लाकडांच्या मानाने सागवान फारच सालस, म्हणून तर त्याची ही कीर्ती. तरीही अडीच फूट रुंदीचा पाट उन्हाळा-पावसाळ्यात सुता-दोन सुतांनी सहज कमीजास्त होतो. एप्रिलात कितीही भारी यंत्रावर फळी सपाट केली, तरी ती सपाटी एप्रिलाची असते. म्हणून जुन्या दारांतल्या फळ्या चौकटीच्या खाचेत मोकळ्या बसवीत, चिकटवीत नसत. पहिला हात मारायचा, एक पावसाळा जाऊ द्यायचा, हवा स्थिरावली की शेवटचा हात. यंत्राने वाचवलेला अर्धा दिवस या चार महिन्यांच्या हिशेबात कुठे धरायचा?

दुसऱ्या दिवशी परतण्याआधी मी भामरागडच्या रस्त्यावरचे ‘वनवैभव’ पाहून आलो. सुमारे सहा हेक्टरांचा हा नैसर्गिक जंगलाचा तुकडा १९५३ पासून कुऱ्हाडीपासून राखून ठेवलेला आहे, आणि २०१४ साली तो महाराष्ट्रातला पहिला जैवविविधता वारसा म्हणून जाहीर झाला. तिथल्या थोराड सागांच्या बुंध्याशी उभे राहिले की माणूस आपोआप हळू बोलू लागतो. वर पाहता पाहता टोपी पडावी अशी उंची. बल्लारपूरच्या आगारात ओंडक्यांची गोल तोंडे पाहिली होती. त्यांवरची वर्तुळे इथे डोळ्यांपुढे आली. जंगलात सावकाश वाढलेल्या सागाचे एका वर्षाचे वर्तुळ पुष्कळदा एका सुताहूनही कमी भरते. म्हणजे फळीच्या तोंडावरून आपण एक सूत तासून टाकतो, तेव्हा झाडाचे निदान एक वर्ष भुशात जाते. त्या वर्षाचा सगळा पाऊस, सगळे ऊन. तोडीला येण्याइतका साग व्हायला साठ-ऐंशी वर्षे लागतात. आम्हां घरच्या सुतारांचा वाद यंत्राच्या किमतीवर, आवाजावर आणि जागेवर चालतो. फळीची जाडी हीच सर्वांत मोठी किंमत आहे, हे त्या वादात कोणी बोलत नाही.

आज शहरातल्या सुतारालाही हे शिकायची वेळ येत नाही. प्लायवूड कारखान्यातूनच सपाट येते. वाकडी फळी सरळ करण्याचा प्रसंगच उरला नाही. खुद्द आलापल्लीतही तरुण कारागीर विजेवर चालणारा हातरंधा वापरतात आणि तो चांगले काम देतो. काकाजींचा मुलगा चंद्रपुरात स्वयंपाकघरांचे कप्पे बसवतो, असे त्यांनी सांगितले. त्यात त्यांची तक्रार नव्हती. “पैसा त्यात आहे,” एवढेच म्हणाले. पण तो लांब रंधा मात्र भिंतीवर त्यांच्या हाताच्या उंचीवरच टांगलेला होता.

आमच्या फळ्यांनी पाऊस पाहिला. कार्तिकात मी त्यांना शेवटचा हात मारला. सहापैकी सर्वांत पातळ फळी पाऊण इंचाहून थोडी अधिक भरली. बाकीच्या सहा-सात सुतांच्या दरम्यान. चार फळ्यांचा पाट झाला, दोन चिरून खालच्या पट्ट्या. सागवान तेलकट, म्हणून ताज्या रंधलेल्या कडेलाच लगेच चिकट लावावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे. आणि त्याची धूळ नाकात-छातीत बरी नव्हे, तेव्हा घासताना तोंडाला फडके हवे. पाट खालच्या पट्ट्यांना लांबट भोकांतून स्क्रूने बसवला, म्हणजे त्याला ऋतूप्रमाणे हलता यावे. यंदाचा पावसाळाही त्याने पाहिला. सासूबाई आल्या होत्या, त्यांनी टेबलाच्या खालून हात फिरवला. तिथे काजळी मी तशीच ठेवली आहे. “ही आमच्या माडीचीच,” त्या म्हणाल्या, आणि चहा तिथेच मागितला.

तेव्हा, घरच्या सुताराला जॉइंटर लागतो का? माझे उत्तर असे. जॉइंटर जे काम करतो ते प्रत्येकाला लागते. त्यावाचून एकही सांधा बसणार नाही. एक खरे सपाट तोंड आणि त्याच्याशी काटकोनातली एक खरी सरळ कड, याला पर्याय नाही. पण ते काम करायला यंत्रच लागते असे नाही. वर्षाकाठी दहा-वीस फळ्यांचा ज्याचा संसार, त्याने एक चांगला लांब रंधा, धारेचा दगड, दोन सरळ पट्ट्या, एक गुण्या आणि गावातल्या गिरणीवाल्याशी ओळख एवढे भांडवल ठेवावे. जो विकण्यासाठी करतो, ज्याला घनफुटांचा माल उरकायचा आहे, किंवा ज्याचे खांदे आता नकार देतात, त्याने यंत्र अवश्य घ्यावे आणि फूटभराहून आखूड तुकडा त्याच्याजवळ नेऊ नये.

घेणाऱ्यानेही आधी एक फळी, एकच, हाताने सरळ करून पाहावी. दोन तास लागतील, खांदे भरून येतील, कोपऱ्यात ढलप्यांचा ढीग पडेल. तो ढीग केरात टाकण्यापूर्वी मुठीत धरून पाहावा. किती लाकूड गेले हे एकदा हाताला समजले, की पुढे यंत्राचे बटण दाबतानाही तो हात जरा जपून चालतो. आणि आलापल्लीच्या जंगलात अजून उभ्या असलेल्या झाडांचा तेवढाच फायदा होतो.